आवाज अडखळतो म्हणून लाइन वाढवू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला २५ जणांचं सपोर्ट सेंटर, पाळी संध्याकाळची, ग्राहक न्यू जर्सीच्या बाजूचे. लाइन ब्रॉडबँडची, खाली (डाउनलोड) १०० एमबीपीएस आणि वर (अपलोड) २०. स्पीड टेस्ट केली की आकडा पूर्ण दिसतो. तरी कॉलवर आवाज मधेच तुटतो आणि त्याहून वाईट म्हणजे एजंट आणि ग्राहक एकमेकांच्या बोलण्यावर चढतात. डायलर (कॉल लावणारी यंत्रणा) बसवून देणारा व्हेंडर म्हणतो, जी.७२९ कोडेक (आवाज आकड्यांत बांधायची पद्धत) लावा आणि पॅकेट ६० मिलिसेकंदांचं करा, बँडविड्थ वाचेल. इंटरनेटवाला म्हणतो, २०० चा प्लॅन घ्या. कोणाचं ऐकायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो: दोघांचंही ऐकू नका. तुमच्याकडे बँडविड्थ गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. तुमच्याकडे कमी पडतोय तो वेळ, म्हणजे मिलिसेकंद. व्हेंडर तुमच्याकडे उरलेली वस्तू वाचवायला सांगतोय आणि त्यासाठी मुळात कमी असलेली खर्च करायला लावतोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी हिशोब करू. जी.७११ हा सगळ्यात जुना, साधा कोडेक. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात भरला तर १६० बाइट होतो. त्यावर आयपीचं २०, यूडीपीचं ८ आणि आरटीपीचं १२ बाइटचं वेष्टन, एकूण ४०. इथरनेटचे आणखी १८. अशी पॅकेटं सेकंदाला ५०. गुणाकार केला की एका दिशेला ८७ केबीपीएस येतात. २५ कॉल एकाच वेळी चालू असले तरी २.२ एमबीपीएस. तुमचं अपलोड २० आहे. म्हणजे सगळे एजंट एकदम बोलत असले तरी लाइनचा नववा हिस्सा भरतो. २०० चा प्लॅन घेतल्यावर तो आणखी लहान होईल, एवढंच.

आता व्हेंडरचा उपाय. जी.७२९ आवाज दाबून ८ केबीपीएस करतो. २० मिलिसेकंदांचा आवाज फक्त २० बाइट, पण वेष्टन तेच ४० बाइटचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. ८ केबीपीएसच्या आवाजाला आयपीवर २४ केबीपीएस लागतात. मसाला कमी करायचा तर एका पॅकेटात जास्त आवाज कोंबायचा: ४० मिलिसेकंद भरले की १६ केबीपीएस, ६० भरले की १३ च्या आसपास. बँडविड्थच्या चष्म्यातून बघितलं तर व्हेंडरचं काही चुकलेलं नाही. तो तुमचे पावणेदोन-एक एमबीपीएस वाचवून देतोय. फक्त ते वाचवून तुम्ही करणार काय, हे तो सांगत नाही.

किंमत दुसऱ्या खिशातून जाते. ६० मिलिसेकंदांचं पॅकेट भरायला ६० मिलिसेकंद लागतात. पहिला शब्द तोंडातून निघाला तरी पॅकेट भरेपर्यंत तो जागचा हलत नाही, वडापमध्ये शेवटची सीट भरेपर्यंत पहिला प्रवासी बसून राहतो तसा. त्यावर जी.७२९ ला पुढचे ५ मिलिसेकंद ऐकून ठेवावे लागतात, त्याशिवाय तो दाबू शकत नाही. आणि वाटेत एक पॅकेट हरवलं तर २० ऐवजी ६० मिलिसेकंदांचा आवाज जातो. २० गेले तर समोरचं सॉफ्टवेअर आधीच्या आवाजावरून ठिगळ लावतं आणि बहुतेकदा कळतही नाही. ६० मध्ये एक अख्खं व्यंजन जातं. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ मधला फरक तेवढ्यातच असतो, आणि बिलिंगच्या कॉलवर तो महागात पडतो.

व्हेंडरचा दोष फारसा नाही, ही सवय जुनी आहे आणि एके काळी ती बरोबर होती. भारतात इंटरनेट टेलिफोनी अधिकृतपणे खुली झाली ती एप्रिल २००२ मध्ये. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मी पुण्यात ज्या ऑफिसांमध्ये काम करायचो तिथे २५६ केबीपीएसची लीज लाइन म्हणजे चैन होती. २५६ वर जी.७११ चे तीनही कॉल धड बसत नसत. जी.७२९ लावला की नऊ बसायचे. दोन्ही टोकांच्या राउटरवर वेष्टन दाबायची सोय चालू केली की तेच ४० बाइट २ ते ४ वर यायचे आणि वीसच्या वर कॉल जायचे. आम्ही एकेक बाइट मोजायचो. शिवाय त्या लाइनवर १५०० बाइटचं एक साधं ईमेलचं पॅकेट पुढे शिरलं की ते बाहेर पडायला ४७ मिलिसेकंद घ्यायचं, तेवढा वेळ मागची आवाजाची पॅकेटं खोळंबलेली. म्हणून मोठी पॅकेटं तोडून पाठवायची, मधे आवाज घुसवायचा, असले उद्योग रात्र-रात्र चालायचे. तुमच्या २० एमबीपीएसवर तेच १५०० बाइट ०.६ मिलिसेकंदात निघून जातात. ते दिवस गेले, पण व्हेंडरच्या इन्स्टॉलेशन शीटवर ‘कोडेक: जी.७२९’ ही ओळ तशीच राहिली.

मग तुमचे मिलिसेकंद जातात कुठे?

हेडसेट, साउंड कार्ड, सॉफ्टफोन मिळून साधारण २०-३०. ब्लूटूथ हेडसेट असेल तर आणखी, म्हणून एजंटना वायरवालेच द्या. पॅकेट भरायला २०. मग समुद्राखालचा प्रवास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. नाशिक ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ६० च्या वर मिलिसेकंद नुसत्या अंतराचे. केबल काही सरळ जात नाही, मधे राउटर आहेत, तेव्हा पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायचा वेळ, २०० ते २२० दिसलं तर तक्रारीला जागा नाही. त्याचं निम्मं एका दिशेचं, ११० धरा. शेवटी समोरच्या बाजूला जिटर बफर, म्हणजे मागेपुढे आलेली पॅकेटं थोडी थोपवून सारख्या अंतराने वाजवणारा साठा, त्याचे ४० धरू. बेरीज १९५. ग्राहक मोबाइलवर असेल तर त्या नेटवर्कचा उशीर याच्या वर.

आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची) जी.११४ नावाची शिफारस आहे. तिच्यानुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणांना त्रास होत नाही, आणि नेटवर्कची आखणी करताना ४०० च्या पुढे जाऊच नये. म्हणजे सगळं नीट चाललं तरी तुम्ही १५० ची रेघ ओलांडूनच बसलेला आहात. शिल्लक काहीच नाही. यात ६० चं पॅकेट आणलं की भरण्याचे ४० वाढतात, पुढे ऐकून ठेवायचे ५ वाढतात आणि जिटर बफरही वाढवावा लागतो, कारण ६० च्या ठोकळ्यांना ४० चा बफर पुरत नाही. १९५ चे २६० ते ३२० होतात.

३०० झाले तर काय बिघडतं, हे संभाषणात बघा. माणसं बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंदांचं अंतर पडतं, वेगवेगळ्या भाषांमध्ये हे मोजलेलं आहे. ग्राहक प्रश्न विचारून थांबतो. त्याचा प्रश्न एजंटकडे ३०० मिलिसेकंदांनी पोचतो, एजंट लगेच उत्तर देतो, ते परत जायला आणखी ३००. ग्राहकाला २०० च्या जागी ८०० मिलिसेकंदांची शांतता ऐकू येते. त्याला वाटतं लाइन गेली किंवा पोरगं अडखळलं, आणि तो ‘हॅलो?’ म्हणतो. नेमकं त्याच क्षणी एजंटचं उत्तर पोचतं. दोघं थांबतात. दोघं पुन्हा एकदम सुरू करतात. तुम्ही ज्याला ‘एकमेकांवर चढणं’ म्हणता ते हेच, आणि त्यासाठी एजंटच्या सॉफ्ट स्किल्सचं ट्रेनिंग लावलेली ऑफिसं मी पाहिली आहेत.

आता तुमच्याकडे नेमकं घोडं कुठे पेंड खातंय. माझा अंदाज आहे की तुमच्याच मॉडेमच्या रांगेत. हे समजायला एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका तीसेक सीटच्या ऑफिसातून फोन आला. लक्षणं तुमच्यासारखीच, पण वेळ ठरलेली: रोज संध्याकाळी साडेसात ते आठ. त्यांनी आधीच लाइन १० वरून २० एमबीपीएस अपलोडची करून घेतली होती. मालक म्हणाले, ‘आधी तासभर त्रास व्हायचा, आता अर्धाच तास होतो. म्हणजे ४० ची घेतली तर पंधरा मिनिटांवर येईल ना?’ गणित बरोबर होतं, आणि त्यातच उत्तर दडलेलं होतं.

मी सातला जाऊन बसलो. एका लॅपटॉपवर आयएसपीच्या, म्हणजे इंटरनेटवाल्याच्या, पहिल्या गेटवेला पिंग लावून ठेवलं आणि चहा मागवला. ८, ९, ८, ११, ८. साडेसात वाजले. ८, ६२, १९०, ३४०, ४१०, ४०५, ४१२. तिथेच अडकून बसलं. सर्व्हर रूम म्हणजे एक कपाटच होतं. त्यातल्या स्विचवर एकाच पोर्टचा दिवा थांबायचं नाव घेत नव्हता, आणि ती वायर डायलरचीच होती. दिवसपाळीच्या कॉलचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवायचं काम कोणीतरी साडेसातला लावून ठेवलं होतं. तीस जण, प्रत्येकी पाचेक तास बोलणं, दीडशे तासांचं रेकॉर्डिंग. ६४ केबीपीएसने एका तासाचे २८.८ एमबी होतात, दीडशे तासांचे सव्वाचार जीबी. २० एमबीपीएसवरून जायला बरोबर अर्धा तास. दिवसभराचा जुना आवाज संध्याकाळच्या ताज्या आवाजाच्या वाटेत बसला होता.

पण ४०० मिलिसेकंद आले कुठून? फाइल चढवणारा टीसीपी (फाइलींची वाहतूक सांभाळणारा प्रोटोकॉल) पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत नेतो. गळलं की त्याला कळतं, रस्ता भरला. मॉडेम बनवणारे मात्र पॅकेट गळणं हा कमीपणा समजतात आणि मोठा बफर घालतात. समजा बफर एक एमबीचा आहे. एक एमबी म्हणजे ८ मेगाबिट, २० च्या वेगाने रिकामा व्हायला ४०० मिलिसेकंद. टीसीपी तो बफर काठोकाठ भरतो आणि भरलेलाच ठेवतो. तुमच्या आवाजाचं प्रत्येक पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभं राहतं. स्पीड टेस्ट मात्र २० पैकी २० दाखवते, कारण रांग कितीही लांब असली तरी दारातून माणसं त्याच वेगाने बाहेर पडतायत. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास घरच्याच लाइनवर हे पकडलं आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झालं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल हा उपाय मांडला: रांग किती लांब आहे ते बघू नका, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघा, आणि तो वेळ वाढायला लागला की वेळेत एखादं पॅकेट टाकून द्या म्हणजे टीसीपी शहाणा होतो.

त्या ऑफिसात मी दोन गोष्टी केल्या. रेकॉर्डिंग पहाटे साडेचारला ढकललं, ते तर कोणीही केलं असतं. खरं काम दुसरं: त्यांच्या राउटरवर एफक्यू-कोडेल (कोडेलचाच प्रकार, प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारा) चालू केलं आणि अपलोडला १८ एमबीपीएसचा लगाम घातला. २० च्या लाइनवर १८. मालकांना हे अजिबात पटेना. पैसे २० चे भरतोय आणि तुम्ही २ कापता?

तुम्ही नाशिकचे आहात, म्हणून कसारा घाटाचं उदाहरण देतो. रांग लागते ती रस्ता जिथे अरुंद होतो तिथे. इगतपुरीपर्यंत चार काय आठ लेन करा, गर्दीच्या दिवशी घाटाच्या तोंडाशी गाड्या तुंबणारच, आणि तिथे तुमचा हवालदार नाही. तुमच्या राउटरवर व्हॉइसला कितीही प्रायॉरिटी द्या, रांग राउटरमध्ये लागतच नसेल तर त्या प्रायॉरिटीला करायला कामच नाही. रांग पुढे मॉडेममध्ये लागते आणि मॉडेम सगळ्यांना एकाच ओळीत उभं करतो. १८ चा लगाम घातला की सगळ्यात अरुंद जागा तुमच्या राउटरमध्ये येते. आता रांग तुमच्या अंगणात लागते, हवालदार तुमचा आणि ॲम्ब्युलन्स आधी सोडणं तुमच्या हातात. २ एमबीपीएस देऊन तुम्ही ४०० मिलिसेकंद परत घेता. बँडविड्थ देऊन वेळ विकत घेण्याचा याच्याइतका स्वस्त सौदा मला या धंद्यात दुसरा मिळालेला नाही. लगाम घातल्यावर त्याच पिंगचा आकडा रेकॉर्डिंग चालू असतानाही १०-१५ च्या वर गेला नाही.

डाउनलोडच्या दिशेलाही तसाच लगाम घाला, १०० चे ९०. तो इतका चोख बसत नाही, कारण ती रांग आयएसपीकडे लागते, पण बऱ्यापैकी काम होतं. पॅकेटवर ईएफ म्हणजे ४६ नंबरची खूणही लावून ठेवा. ऑफिसातले स्विच ती मानतात. साध्या ब्रॉडबँडवर पुढे कोणी मानेल ही अपेक्षा ठेवू नका. ती करारात लिहून मिळते ती एमपीएलएससारख्या (कंपन्यांसाठीच्या खास खाजगी) लाइनवर.

जिटर बफरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे लोक हमखास फसतात. ‘पॅकेट लॉस शून्य दिसतोय, मग आवाज का तुटतो?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. वायरशार्कमध्ये (पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) एका कॉलची पॅकेटं उघडली आणि लागोपाठच्या दोन पॅकेटांमधलं अंतर बघितलं, तर असं काहीतरी दिसतं, मिलिसेकंदात: २०, २१, १९, ९४, १, ०, १, ४, २०. पॅकेटं दर २० ला निघालेली आहेत. मधे कुठेतरी एक अडलं, त्याच्यामागे चार साचली, आणि वाट मोकळी झाल्यावर पाचही एकदम धडाधड आली. बेरीज करा: ९४, १, ०, १, ४ म्हणजे १००. पाच पॅकेटांचे पाच वेळा २०. एकही हरवलेलं नाही. पण पहिलं ७४ मिलिसेकंद उशिरा आलं, दुसरं ५५, तिसरं ३५. बफर ४० चा असेल तर पहिल्या दोघांची वाजायची वेळ टळून गेलेली असते. गाडी सुटल्यावर स्टेशनात पोचलेल्या प्रवाशासारखी ती दोन पॅकेटं फेकून दिली जातात. नेटवर्कच्या हिशोबात लॉस शून्य, कानाच्या हिशोबात ४० मिलिसेकंदांचं भोक. म्हणून रिपोर्टमध्ये ‘लॉस’ आणि ‘डिस्कार्ड’ हे दोन आकडे वेगळे मागा. लॉस असेल तर दोष लाइनचा. डिस्कार्ड असेल तर रांगेचा किंवा वाय-फायचा.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे बफर १०० चा करणे. आवाज तुटायचा थांबतो आणि एकमेकांवर चढणं वाढतं. बफर म्हणजे उशीर देऊन गुळगुळीतपणा घेणं. त्यात हात घालायचाच तर सगळ्यात शेवटी घाला, आणि बफर ॲडॅप्टिव्ह ठेवा, म्हणजे बोलण्यातल्या शांततेत तो स्वतःच लहान-मोठा होतो.

वरच्या आकड्यांतला ९४ बहुधा वाय-फायचा असतो. २५ लॅपटॉप एकाच ॲक्सेस पॉइंटवर असतील तर केबल टाका, यावर वाद नको. वाय-फायवर प्रत्येक पॅकेटला हवेत आपली पाळी धरावी लागते आणि त्या पाळीचा खर्च पॅकेट लहान असो की मोठं, जवळपास तेवढाच येतो. म्हणून उशीर कमी करायच्या उत्साहात पॅकेट १० मिलिसेकंदांचं करू नका. वाचतील १०, पॅकेटं होतील दुप्पट आणि वाय-फायवर उलटा मार बसेल. २० हा आकडा उगाच रूढ झालेला नाही.

आता समुद्रातल्या ११० कडे वळू. अंतर कमी करता येत नाही, पण वळसा कमी करता येतो. ट्रेसरूट (पॅकेटची वाट टप्प्याटप्प्याने दाखवणारी कमांड) लावून बघा, तुमची पॅकेटं युरोपातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जातायत की सिंगापूरवरून पॅसिफिक ओलांडून. दुसऱ्या वाटेने पिंग २८०-३०० पर्यंत जातं. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या केबल तुटल्या तेव्हा भारताच्या पश्चिमेकडच्या रहदारीचा मोठा हिस्सा असाच पूर्वेकडून फिरवावा लागला होता. त्या आठवड्यात पुण्यातल्या फ्लोअरवर जे चाललं होतं ते संभाषण म्हणावं असं नव्हतं. केबल धडधाकट असतानाही काही आयएसपी स्वस्त पडतं म्हणून तो वळसा घेतात. लाइन घेण्याआधी वेग विचारू नका, तुमच्या एसआयपी (कॉल जोडणाऱ्या) सर्व्हरपर्यंतचं पिंग विचारा आणि ते रात्री नऊला मोजून दाखवा म्हणा.

दुसरा वळसा सर्व्हरचा. ग्राहक न्यू जर्सीला आणि तुमच्या व्हॉइस प्रोव्हायडरचा मीडिया सर्व्हर कॅलिफोर्नियात असेल तर आवाज अख्खी अमेरिका ओलांडून परत येतो. बहुतेक प्रोव्हायडर पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर मागितला की देतात. मागितला नाही तर जो हाताला लागेल तो देतात. नाशिकचा एजंट पुण्यातल्या सुपरवायझरला कॉल ट्रान्सफर करतो तेव्हा त्या दोघांचा आवाजही अमेरिकेला जाऊन येत असतो, हे एकदा तपासा. दोघांमधलं अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर आणि आवाजाचा प्रवास पंचवीस हजारांच्या वर.

कोडेकचं काय करायचं? या लाइनवर जी.७११, २० मिलिसेकंद. अमेरिकेतला कॅरिअर (कॉल पुढे नेणारी टेलिफोन कंपनी) बहुधा जी.७११ च घेतो, तेव्हा तुम्ही जी.७२९ पाठवलं तरी वाटेत ते उलगडून पुन्हा बांधलं जातं, त्यात वेळही जातो आणि आवाजही खराब होतो. सायलेन्स सप्रेशन बंद ठेवा. शांततेत पॅकेट न पाठवून ते बँडविड्थ वाचवतं, पण माणूस बोलायला लागल्याचं त्याच्या लक्षात येईपर्यंत ‘हॅलो’ चं ‘लो’ झालेलं असतं.

बँडविड्थ खरोखर वाचवायची वेळ तुमच्यावर एकदाच येईल: रस्ता खणताना जेसीबीने फायबर तोडलं आणि सगळं ऑफिस ४जी डोंगलवर आलं त्या दिवशी. तिथे अपलोड एक-दोन एमबीपीएस, तेही हेलकावे खाणारं. २.२ त्यात बसत नाही. या दिवसासाठी डायलरमध्ये दुसरा प्रोफाइल आत्ताच करून ठेवा, ओपसचा. ओपस हा नवा कोडेक २०१२ मध्ये आरएफसी ६७१६ या इंटरनेट मानकाने आला, ६ केबीपीएसपासून ५१० पर्यंत कुठेही चालतो आणि २.५ ते ६० मिलिसेकंदांची फ्रेम घेतो. २० केबीपीएसवर तो जी.७२९ पेक्षा कानाला कितीतरी बरा. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटात ५० बाइट आवाज आणि ४० वेष्टन, म्हणजे ३६ केबीपीएस. ४० मिलिसेकंद भरले तर २८. २५ कॉलचे अनुक्रमे ९०० आणि ७०० केबीपीएस. इथे मी ४० घेईन. २० मिलिसेकंद जास्त जातील, पण डोंगलची रांग भरून ४०० जाण्यापेक्षा परवडले. त्याचा एफईसी पर्यायही चालू करता येतो: प्रत्येक पॅकेटाबरोबर आधीच्या पॅकेटाची हलकी नक्कल जाते आणि मूळ हरवलं तर ती वापरली जाते. त्यासाठी थोडी बँडविड्थ आणि एका पॅकेटाची वाट बघणं, असं दोन्हीकडून मोजावं लागतं, म्हणून लॉस दिसत असेल तरच. आणि तो प्रोफाइल तुमच्या एजंटपासून अमेरिकेतल्या तुमच्या सर्व्हरपर्यंतच ठेवा, पुढे सर्व्हरला जी.७११ करू द्या. अशा दिवशी रेकॉर्डिंगचं अपलोड आणि सीसीटीव्हीचा क्लाउड बॅकअप दोन्ही थेट बंद.

आज संध्याकाळी एवढं करा. गेटवेला पिंग लावा, पाच मिनिटं रिकाम्या लाइनवर. मग कोणाला तरी एक जीबीची फाइल ड्राइव्हवर चढवायला सांगा आणि आकडा बघत राहा. तो १० वरून ३०-४० वर गेला तर माझा अंदाज चुकला, दोष वाय-फायचा किंवा पुढच्या वाटेचा आहे. शंभराच्या वर गेला तर राउटरचं मॉडेल, दोन्ही पिंगचे आकडे आणि रात्री नऊचा ट्रेसरूट मला पाठवा. स्वस्त राउटरमध्ये एफक्यू-कोडेल नसतं, तिथे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर घालता येणारं मोफत सॉफ्टवेअर) चालेल का ते मॉडेल बघूनच सांगता येईल. २०० च्या प्लॅनवर सही तोवर करू नका.